व्यवस्थापकाचा स्वभाव आणि नेतृत्वाची पद्धत: या चुका टाळा

अनेक कंपन्यांत व्यवस्थापकांचे प्रशिक्षण व्यक्तिमत्त्व चाचणीने सुरू होते आणि दुपारच्या जेवणापर्यंत प्रत्येकाच्या नावापुढे चार इंग्रजी अक्षरे लागलेली असतात. चाचणी घेण्यात गैर काही नाही. चुका होतात त्या निकाल हाती आल्यानंतर.

त्यांतली सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे त्या अक्षरांना निदान समजणे. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी 1921 मध्ये मांडलेल्या स्वभावप्रकारांच्या आधारे कॅथरिन ब्रिग्ज आणि त्यांची कन्या इसाबेल मायर्स यांनी ही ‘मायर्स-ब्रिग्ज’ चाचणी घडवली. अंतर्मुख-बहिर्मुख यांसारख्या चार जोड्यांपैकी प्रत्येकीत माणूस या बाजूचा की त्या बाजूचा, एवढेच ती ठरवते आणि त्यातून 16 प्रकार निघतात. प्रत्यक्षात बहुतेक माणसे मधल्या पट्ट्यात असतात; त्यामुळे दोन-चार उत्तरे बदलली की अक्षर बदलते आणि काही आठवड्यांनी तीच चाचणी दिल्यास अनेकांचा प्रकार वेगळा निघतो. उमेदवार निवडण्यासाठी ती वापरू नये, असे तिचे प्रकाशकच सांगतात. तरीही बढतीच्या चर्चेत ‘तो अंतर्मुख आहे, त्याला टीम कशी द्यायची?’ हे वाक्य ऐकू येतेच.

‘वर्णन अगदी माझेच आहे’ हाही पुरावा मानू नये. मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी 1948 मध्ये आपल्या विद्यार्थ्यांना वैयक्तिक विश्लेषण म्हणून एकच मजकूर वाटला, तेव्हा विद्यार्थ्यांनी त्याच्या अचूकतेला 5 पैकी सरासरी 4.26 गुण दिले. त्यातली बरीच वाक्ये फोरर यांनी ज्योतिषाच्या पुस्तकातून उचलली होती!

बोलक्या माणसाला नेता समजणे ही याचीच पुढची पायरी. संशोधक टिमोथी जज आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र तपासले, तेव्हा बहिर्मुखतेचा नेतृत्वाशी संबंध आढळला खरा. पण नेता म्हणून पुढे येण्याशी तो जितका घट्ट होता, तितका नेतृत्व परिणामकारक ठरण्याशी नव्हता. म्हणजे मीटिंग गाजवणारा माणूस निवडला जातो, मात्र टीम तो चांगली चालवेलच असे नाही.

दुसरी मोठी गफलत पद्धतीची. मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन, लिपिट आणि व्हाइट यांनी 1939 मध्ये लहान मुलांच्या गटांवर केलेल्या प्रयोगात हुकूमशाही नेता खोलीबाहेर जाताच मुलांचे काम थंडावत असे, तर लोकशाही गटात ते चालू राही. त्यावरून ‘सर्वांना विचारून निर्णय घेणे सदैव उत्तम’ असा धडा काढला जातो, पण तो अपुरा आहे. व्यवस्थापनाचे अभ्यासक हर्सी आणि ब्लँचर्ड यांनी 1969 मध्ये मांडल्याप्रमाणे, समोरच्या माणसाची त्या विशिष्ट कामासाठी किती तयारी आहे यावर पद्धत ठरते. वीस वर्षे लेथवर काढलेल्या कारागिराला माप कसे घ्यावे हे सांगू नये. तोच उद्या संगणकावर उत्पादनाची नोंद भरायला बसला, तर त्याला प्रत्येक रकाना शेजारी उभे राहून दाखवावा लागतो आणि तिथे ‘तुम्ही बघा, मी आहेच’ म्हणणे ही मोकळीक नसून दुर्लक्ष ठरते. काम सोपवल्यानंतर रोज तीन वेळा फोन करून चौकशी करावी लागत असेल, तर बहुधा ते तयारी न जोखता सोपवलेले असते.

आपल्याकडच्या संदर्भात भारतीय मानसशास्त्रज्ञ जय बी. पी. सिन्हा यांची मांडणी उपयोगी आहे: वरिष्ठाने आपुलकी दाखवावी, पण ती कामाशी जोडावी आणि माणूस तयार होत जाईल तसतसा सहभाग वाढवावा. आपल्याकडे पहिला भाग सहज जमतो. साहेब लग्नकार्याला आवर्जून येतात, पण रखडलेल्या कामाचा विषय काढायला संकोचतात.

सकाळच्या मीटिंगमध्ये कोणीच बोलत नसेल, तर टीमला मितभाषी ठरवण्यापूर्वी क्रम तपासावा. स्वतःचे मत सांगून झाल्यावर ‘कोणाला काही अडचण?’ असे विचारले, तर उत्तर मिळणार नाही. त्याऐवजी सर्वांत कनिष्ठ माणसाला आधी बोलू द्यावे, ‘काल दुसऱ्या पाळीत मशीन अर्धा तास कशामुळे बंद होते?’ असा नेमका प्रश्न विचारावा आणि स्वतः शेवटी बोलावे.

‘माझा स्वभावच तापट आहे’ ही सबब मात्र अजिबात चालवून घेऊ नये. चाचणी कल सांगते, परवाना देत नाही. अप्रेजलमध्ये स्वभावाच्या अक्षरांऐवजी कोणाला कोणते काम किती मोकळीक देऊन सोपवले आणि त्याचे काय झाले, हे लिहावे.