टॅरँटुलाचा डबा भरताना

शुक्रवारी संध्याकाळी कामावरून परतताना एस-बानमध्ये, म्हणजे इथल्या लोकलमध्ये, माझ्या बॅगेतून रातकिड्यांची किरकिर ऐकू येते. शेजारी बसलेला माणूस आधी स्वतःचा फोन बघतो, मग माझ्याकडे बघतो. श्टुटगार्टला येऊन मला नऊ वर्षं झाली, त्यातली सहा टॅरँटुलांच्या, म्हणजे मोठ्या केसाळ कोळ्यांच्या, सहवासात गेली. सध्या घरात तीन आहेत. एक ग्रामोस्टोला पुल्क्रा, मूळची दक्षिण ब्राझील आणि उरुग्वेकडची, काळी मखमली, पाय पसरले की तळहाताएवढी. दुसरी व्हेनेझुएलाची क्रोमॅटोपेल्मा, निळे पाय आणि नारिंगी पोट. तिसरं एक नखाएवढं पिल्लू. मी सगळ्यांना कोळीणच म्हणतो. बायको अलिबागची, तिला कोळीण म्हटलं की पापलेटची पाटी आठवते, त्यामुळे घरात अधूनमधून घोटाळे होतात.

माझं गाव बीड जिल्ह्यातलं. घरी दीड एकर तुती आणि रेशमाचं शेड. जालन्यात कोषांचा बाजार नव्हता तेव्हा वडील माल घेऊन थेट कर्नाटकात रामनगरला जायचे. म्हणजे किड्यांना खाऊ घालण्यात माझं अर्धं लहानपण गेलं. नवीन माणूस टॅरँटुला पाळायला लागला की काचेची पेटी कसली, माती कसली, दिवा लावायचा का, यावर महिनाभर खल करतो आणि खाद्य मात्र दुकानात हाताला लागेल ते उचलतो. माझा हिशेब उलटा आहे. कोळीण फार काही मागत नाही. तिचं खाद्य म्हणजे रातकिडे, ते नीट सांभाळलेत तर निम्मं काम झालं.

इथं रातकिडे पारदर्शक प्लास्टिकच्या छोट्या डब्यात मिळतात, आत अंड्यांच्या ट्रेचा तुकडा घातलेला. साधारण ३ युरोला एक डबा. झाकणावर आकार लिहिलेला असतो: अगदी बारीक, लहान, मध्यम, मोठा. डबा उजेडाकडे धरून त्याचा तळ बघा. दोन-चार मेलेले चालतात, मेलेल्यांचा थर साचला असेल तर परत ठेवा. मग झाकणाच्या भोकांशी नाक न्या. दुकानदार बघत असला तरी न्या. चांगल्या डब्याला कोंड्यासारखा वास येतो. वाईट डब्याचा वास नाकात झोंबतो, बंद पडलेल्या मुतारीसारखा. वडीलही सकाळी शेडचं दार उघडल्यावर आधी दारातच थांबून वास घ्यायचे, अळीकडे नंतर बघायचे. शेवटी डब्याला टिचकी मारा. सगळे सैरावैरा उड्या मारायला लागले तर घ्या, पाठीवर पडून नुसते पाय हलवत असले तर नको.

कुठला कीटक घ्यायचा, यावर लोक हमरीतुमरीवर येतात. माझा अनुभव सांगतो.

घरातला पिवळसर रातकिडा, ज्याला इथं हाइमशेन म्हणतात, तो मऊ, चपळ आणि सगळीकडे मिळणारा. रुसलेली कोळीणही त्याच्या हालचालीला भुलते. दोष दोन: तो पटापट मरतो आणि रात्रभर गातो. जर्मनीत रात्री १० ते सकाळी ६ शांतता पाळायची असते. पहिल्या वर्षी खालच्या मजल्यावरच्या आजींनी दारावर चिठ्ठी चिकटवली होती, ‘तुमचा फ्रीज बिघडलाय, कृपया दुरुस्त करून घ्या.’ तेव्हापासून मी शक्यतो मध्यम आकाराचे, पंख न फुटलेले घेतो. फक्त वयात आलेले नर ओरडतात, पिल्लं गप्प असतात. स्टेपेनग्रिले नावाचा तपकिरी रातकिडा यापेक्षा शांत आणि कमी उड्या मारणारा, पण त्याचा जबडा दणकट असतो.

डुबिया झुरळ मला सगळ्यात आवडतं. गुळगुळीत भिंतीवर चढत नाही, ओरडत नाही, वास जवळपास नाही, महिनोन्‌महिने जगतं. एकच खोड: मातीत सोडलं की क्षणात गाडून घेतं. कोळीण वर उपाशी, झुरळ खाली मजेत. म्हणून डुबिया कधीही मोकळं सोडायचं नाही. चिमट्यात धरून कोळिणीसमोर न्यायचं, नाहीतर आधी डोकं चिमटून टाकायचं. डोकं चिमटलं तरी पाय बराच वेळ हलत राहतात आणि कोळिणीला तेवढं पुरतं. आणखी एक, झुरळांच्या विष्ठेची धूळ बऱ्याच जणांना बाधते. मला शिंका सुरू होतात म्हणून मी त्यांचा टब बाल्कनीतच उघडतो.

पिठातल्या अळ्या, म्हणजे मीलवर्म, आणि त्यांची थोरली जात सुपरवर्म, यांचीही तीच गत: मातीत शिरतात, म्हणून डोकं ठेचूनच द्या. सुपरवर्मच्या जबड्याला तर मी घाबरतोच. मीलवर्म फ्रीजमध्ये निवांत राहतात, सुपरवर्म ठेवलेत तर दुसऱ्या दिवशी काळे पडलेले सापडतील. टोळ फक्त पूर्ण वाढलेल्या कोळिणीला, आणि मागचे काटेरी पाय काढून. जेमतेम सेंटिमीटरभर पाय पसरणाऱ्या पिल्लाला न उडणाऱ्या फळमाश्या द्या किंवा रातकिड्याची एक तंगडी तोडून जाळ्यावर ठेवा. पिल्लं मेलेलं सहज खातात, शिकार करायलाच हवी असं काही नाही.

अंगणातला, शेतातला, दिव्याखाली सापडलेला कीटक अजिबात घालू नका. भारतातून फोन करणारे मित्र हेच पहिलं विचारतात, नाकतोडे फुकट मिळतात, मग विकत कशाला? मी दहावीत असताना शेजारच्या कापसावर फवारणी झाली आणि वाऱ्यानं औषध आमच्या तुतीवर आलं. पाला दिसायला हिरवागार. तो तोडून घातला आणि दीडशे अंडीपुंजांची बॅच दोन दिवसांत लोळली. आई रॅकजवळ बसून मेलेल्या अळ्या घमेल्यात भरत होती, तो आवाज अजून कानात आहे, ओल्या पानांसारखा. फवारणी कुठं झाली हे कीटकाच्या अंगावर लिहिलेलं नसतं. शिवाय बाहेरच्या किड्यांतून सूत्रकृमी येऊ शकतात आणि ते कोळिणीच्या तोंडाशी पांढरे दिसायला लागले की फारसं काही हातात राहत नाही.

आकाराचा नियम सोपा: कीटकाची लांबी कोळिणीच्या पोटापेक्षा जास्त नको. शंका आली तर लहान घ्या. दोन लहान चालतात, एक मोठा अंगलट येतो.

आता तयारी. डबा घरी आणला की त्याच संध्याकाळी रातकिडे मोठ्या टबात हलवा. हलवण्याआधी डबा दहा मिनिटं गार जागी ठेवलात तर उड्या कमी मारतात. हे मी स्वयंपाकघरात तीन रातकिडे फ्रीजमागे गेल्यावर शिकलो. टब उंच, झाकणाला जाळी, आत अंड्यांचे ट्रे उभे लावलेले. उभे यासाठी की विष्ठा खाली पडते आणि किडे कोरड्या जागी बसतात. रातकिडा उपासानं कमी आणि ओलाव्यानं जास्त मरतो. पाण्याची वाटी ठेवू नका, त्यात बुडून मरतात. गाजराची चकती किंवा बटाट्याची फोड ठेवली की पाण्याची सोय होते. ती रोज बदला. सोबत ओट्स किंवा गव्हाचा कोंडा. गाजर सेंद्रिय घेतो आणि तरीही धुतो. कापसाची ती फवारणी डोक्यातून जात नाही.

असं निदान एक दिवस, जमलं तर दोन दिवस त्यांना पोटभर खाऊ द्या. दुकानातल्या डब्यातले किडे बहुधा उपाशी असतात, ते घालणं म्हणजे रिकामा डबा देऊन पोराला शाळेत पाठवणं. दुकानात याच फळीवर कॅल्शियमची पावडरही ठेवलेली असते. ती सरड्यांसाठी. सरड्याला हाडं आहेत, कोळिणीला नाहीत. तिचं कवच कायटिनचं असतं. पैसे वाचवा.

खाऊ घालायचा दिवस. रातकिडा हातात घ्यायच्या आधी पेटीसमोर बसून दोन मिनिटं कोळिणीकडे बघा. मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच. पोट फुगून चकाकतंय का? केस झडलेल्या जागेची कातडी काळपट झालीय का? बिळाचं तोंड तिनं मातीनं बंद केलंय का, की जमिनीवर पांढरं जाळं गादीसारखं अंथरलंय? यातलं काही दिसलं तर ती कात टाकायच्या तयारीत आहे. रातकिड्यांचा टब बंद करा, कोळिणीच्या पेटीतली पाण्याची वाटी भरा आणि बाजूला व्हा. आमच्या शेडमध्ये अळ्यांनी माना वर करून हालचाल थांबवली की आई म्हणायची, ‘मोल्टला बसल्या, पाला बंद.’ वरून चुन्याची भुकटी मारायची आणि जवळजवळ सगळ्या कात टाकून उठल्याशिवाय एक पान घालायचं नाही. इथं चुना लागत नाही, बाकी नियम तोच.

हे सगळं माहीत असून मी एकदा चुकलो. माझी पहिली पुल्क्रा दीड वर्षाची होती. गणपतीला म्युनिकला मित्राकडे जायचं होतं, शुक्रवारी घाईघाईत पेटीत रातकिडा टाकला आणि गाडी पकडली. रविवारी रात्री परत आलो तर ती पाठीवर पडलेली, जुनी कात अर्धी सुटलेली. मोल्टमध्ये पाठीवरच पडतात, त्याचं भय नव्हतं. रातकिडा तिच्या पोटाच्या कडेला बसला होता. नवीन कातडी दुधाच्या सायीसारखी मऊ असते. तिथं टाचणीच्या डोक्याएवढं भोक आणि त्यातून फिकट निळसर पाणी झिरपत होतं. रातकिड्याच्या मिशा हलत होत्या, तो शांतपणे खात होता. ती सोमवारी सकाळी गेली.

म्हणून सोडलेला जिवंत रातकिडा २४ तासांत खाल्ला नाही तर बाहेर काढा. मी तर आता रात्री झोपायच्या आधीच काढतो. डोकं ठेचलेला किडाही दुसऱ्या दिवशी उचलायचा, नाहीतर बुरशी आणि माइट्स, म्हणजे अगदी बारीक किडे, येतात. खाऊन झाल्यावर उरणारा काळपट गोळाही तसाच उचला. यासाठी २५-३० सेंटिमीटरचा चिमटा घ्या, टोकाला रबर किंवा लाकूड असलेला. धातूच्या टोकावर तिनं झडप घातली तर दात मोडू शकतो. दक्षिण अमेरिकेकडच्या या जाती चिडल्या की पोटावरचे केस उडवतात, तेव्हा पेटीत तोंड घालून बघू नका. डोळ्यात गेले तर दवाखानाच.

किती वेळा घालायचं? पिल्लाला आठवड्यातून दोनदा, मध्यम वयाच्या कोळिणीला आठवड्याला एकदा, मोठीला दोन आठवड्यांनी एक रातकिडा पुष्कळ झाला. माझी काळी मागच्या हिवाळ्यात चार महिने उपाशी होती. बायको रोज विचारायची, आजारी आहे का? पोट गोल होतं, पाणी पीत होती, बास. कात टाकून झाल्यावरही लगेच घाई नको. दात आधी पांढरे असतात, मग लालसर, मग काळे. पिल्लाला चार-पाच दिवस थांबा, मोठीला दीड-दोन आठवडे, काळे दात दिसेपर्यंत.

राहिला रेशीमकिडा. तोही इथं खाद्य म्हणून मिळतो, तुतीच्या पानांच्या लगद्यासह. मऊ, चावत नाही, उडी मारत नाही, मातीत शिरत नाही. महाग सोडला तर नाव ठेवायला जागा नाही. मे महिन्यात हाम शहरातल्या टेरारिस्टिका या सरडे-कोळ्यांच्या बाजाराची वाट न बघता मी दहा अळ्यांचा डबा मागवला. त्यातल्या चार अळ्या कोळिणींना घातल्या, त्यांनी आवडीनं खाल्ल्या. आईला फोनवर हे सांगितलं नाही. पाचवीला हात घातला तर तिनं मान वर केलेली, बाकीच्या पाचही तशाच. मी सवयीनं लगदा काढून घेतला. दुसऱ्या दिवशी उठल्या तशा पुन्हा खायला घातलं आणि मग घालतच राहिलो. घरात चंद्रिका, म्हणजे अळ्यांना कोष विणायला देतात ती जाळी, नव्हती, म्हणून रातकिड्यांच्या टबातला अंड्यांचा ट्रे धुऊन, वाळवून दिला. सहा कोष त्याच्यात अजून खिडकीत आहेत.