बीफ आणि ऑलिव्ह: १०० ग्रॅमचे आकडे ताटात कसे उतरवायचे

पोषणाचा कोणताही तक्ता उघडा, आकडे १०० ग्रॅमला दिलेले असतात. बीफच्या बाबतीत ते ठीक, एवढं मांस एका माणसाच्या ताटात सहज येतं. ऑलिव्ह मात्र पाच-दहा खाल्ली जातात, म्हणजे बी काढून जेमतेम १५ ते ४० ग्रॅम. त्यामुळे दोन रकाने शेजारी ठेवून ‘यात फॅट जास्त, त्यात लोह जास्त’ असं वाचत गेलं की निष्कर्ष हमखास चुकतो.

आधी नोंद नेमकी कशाची आहे ते बघा. ‘बीफ’ एवढंच लिहिलेलं असेल तर त्या आकड्याचा उपयोग नाही. अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यात २० टक्के फॅटच्या कच्च्या किम्याला १०० ग्रॅममागे २५४ कॅलरी आहेत, १० टक्केवाल्याला १७६. महाराष्ट्रात २०१५ पासून गाईबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे, त्यामुळे इथे बीफ म्हणून मिळतं ते म्हशी-रेड्याचं मांस. त्यात चरबी बरीच कमी असते. चरबी काढलेल्या कच्च्या मांसात १०० ग्रॅममागे प्रथिनं २० ग्रॅम, फॅट दीड ग्रॅमच्या आत आणि कॅलरी शंभराच्या आसपास. त्याला अमेरिकी किम्याचे आकडे लावू नयेत.

ऑलिव्हचंही तसंच. बरणीतली हिरवी आणि डब्यातली काळी यांत मोठा फरक आहे. हिरव्यात १०० ग्रॅममागे १४५ कॅलरी, १५ ग्रॅम फॅट आणि १,५५६ मिलीग्रॅम सोडियम. काळ्यात साधारण ११५ कॅलरी, ११ ग्रॅम फॅट, ७३५ मिलीग्रॅम सोडियम. प्रथिनं दोन्हींत एक ग्रॅमच्या आसपास.

दुसरी गफलत कच्च्या-शिजलेल्याची. १०० ग्रॅम किमा भाजल्यावर साधारण ७५ ग्रॅम उरतो. मुख्यतः पाणी आणि थोडी चरबी निघून जाते, प्रथिनं जवळपास तेवढीच राहतात. म्हणून १० टक्केवाल्या किम्यात कच्चेपणी २० ग्रॅम दिसणारी प्रथिनं शिजलेल्या १०० ग्रॅमला २६ होतात. वजन कच्चं केलं असेल तर कच्ची नोंद, शिजवून केलं असेल तर शिजलेली. ऑलिव्ह खारं पाणी निथळून, बी काढून तोलायची. बरणीवरचं एकूण वजन पाण्यासकट असतं.

आता हिशेब. तक्त्यातला आकडा गुणिले तुमचे ग्रॅम, भागिले १००. ८५ ग्रॅम शिजलेल्या किम्यातून (१० टक्के फॅटच्या) २२ ग्रॅम प्रथिनं, १० ग्रॅम फॅट, १८५ कॅलरी आणि मीठ न घालता ६० मिलीग्रॅमच्या आत सोडियम मिळतं. दहा मध्यम हिरव्या ऑलिव्हमधून, म्हणजे सुमारे ३० ग्रॅममधून, प्रथिनं नावापुरती, फॅट साडेचार ग्रॅम, ४४ कॅलरी आणि तब्बल ४६५ मिलीग्रॅम सोडियम. जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाची मर्यादा २,००० मिलीग्रॅम आहे. त्यातला जवळजवळ पाव भाग या दहा फळांत संपला. काळ्या ऑलिव्हमधून २२ ग्रॅम प्रथिनं काढायची म्हटली तर अडीच किलोंहून जास्त खावी लागतील, तेव्हा प्रथिनांसाठी ही तुलना करूच नये.

परदेशात राहणाऱ्यांसाठी एक सूचना: युरोपातल्या लेबलवर सोडियम नसतं, मीठ लिहिलेलं असतं. त्याला अडीचने भागलं की सोडियम मिळतं. हे विसरलं तर तीच बरणी अडीचपट खारट वाटते.

फॅटमध्ये नुसत्या बेरजेला फारसा अर्थ नाही. हिरव्या ऑलिव्हमध्ये १०० ग्रॅममागे एकूण फॅट शिजलेल्या कमी चरबीच्या किम्यापेक्षा जास्तच आहे, पण त्यातलं संपृक्त (सॅच्युरेटेड) फक्त दोन ग्रॅम. किम्यात साडेचारच्या वर. ऑलिव्हचं फॅट बहुतांशी ओलेइक आम्ल, म्हणजे असंपृक्त प्रकारचं. तेच आम्ल बीफच्या चरबीतही भरपूर असतं, हे सहसा कुणी सांगत नाही.

सगळ्यात जास्त फसवतं ते लोह. काळ्या डबाबंद ऑलिव्हला वेगवेगळ्या नोंदींत ३.३ पासून ६.३ मिलीग्रॅमपर्यंत लोह दिसतं, शिजलेल्या किम्याला २.७. म्हणजे ऑलिव्ह वरचढ? तसं नाही. ही काळी ऑलिव्ह बहुतेक वेळा हिरवी तोडून, अल्कलीत मुरवून, हवा खेळवून काळी करतात आणि रंग टिकावा म्हणून फेरस ग्लुकोनेट हा लोहाचा क्षार घालतात. लोह आलं ते बरंचसं तिथून. हिरव्यात ते जेमतेम अर्धा मिलीग्रॅम आहे. डब्याच्या घटकयादीत फेरस ग्लुकोनेट आहे का, ते वाचा. शिवाय मांसातल्या लोहाचा मोठा भाग हीम प्रकारचा (रक्त-स्नायूंतल्या प्रथिनांना जोडलेला) असतो आणि तो शरीरात जास्त सहज शोषला जातो. बी१२ ऑलिव्हमध्ये नाही, झिंक नगण्य. ई जीवनसत्त्वात मात्र हिरवी ऑलिव्ह बीफच्या कितीतरी पुढे, ३.८ मिलीग्रॅम.

दोन्ही एकाच भांड्यात येतात तेव्हा हिशेब जास्त कामाचा ठरतो. क्यूबातल्या पिकादियो या किम्याच्या पदार्थात हिरवी ऑलिव्ह पडतात. ५०० ग्रॅम कच्चा किमा (१० टक्के फॅटचा) आणि ६० ग्रॅम ऑलिव्ह चौघांत वाटले तर दोन्ही मिळून प्रत्येकी २५ ग्रॅम प्रथिनं, १५ ग्रॅम फॅट आणि सुमारे ३१५ मिलीग्रॅम सोडियम येतं. वजनात ऑलिव्ह नवव्या हिश्श्याइतकीच, पण सोडियममधला पाऊण वाटा त्यांचा. नेहमीच्या सवयीने किम्याला आधीच मीठ लावलं तर पदार्थ खारट होणारच. ऑलिव्ह कापून अर्धा तास साध्या पाण्यात ठेवा, मध्ये एकदा पाणी बदला, मग किम्यात घालून दहा मिनिटं मंद आचेवर शिजू द्या. मीठ त्यानंतर, चव बघून.