गॅसची शेगडी आणि जाळ्या कशा साफ कराव्यात

पातेल्यांची बुडं काळी पडायला लागली किंवा निळी ज्योत पिवळी दिसू लागली, की आधी बर्नर बघावा. बहुतेक घरांत दोषी असतं उतू गेलेलं दूध. कोजागरीचं मसाला दूध असेल तर साखरेमुळे ते भोकांत जळून खड्यासारखं घट्ट बसतं आणि वरून पुसून निघत नाही.

सुरुवातीला रेग्युलेटर बंद करा. एमएनजीएलचा (महाराष्ट्र नॅचरल गॅस लिमिटेडचा) पाइपचा गॅस असेल तर कॉक पाइपला आडवा करा. शेगडी पूर्ण निवू द्या. काचेच्या तापलेल्या शेगडीवर ओलं फडकं ठेवलं तर काच तडकू शकते.

जाळ्या घमेल्यात ठेवून बुडतील इतकं गरम पाणी ओता. दर लिटरला दोन चमचे खायचा सोडा आणि थोडं भांड्यांचं लिक्विड घाला. अर्ध्या तासाने काथ्याने घासा. काळ्या मुलाम्याच्या जाळीला तारेची घासणी लावू नका, मुलामा उडाला की तिथून गंज धरतो. सोड्यात व्हिनेगर ओतून फेस काढण्यातही अर्थ नाही, दोन्ही एकमेकांचा जोर घालवतात.

पितळी बर्नरला मात्र चिंचच. लिंबाएवढी चिंच कोमट पाण्यात कोळून त्यात वीस मिनिटं ठेवा आणि जुन्या टूथब्रशने घासा. मग एकेका भोकात टाचणी फिरवा. टूथपिक नको, टोक आत मोडून बसतं. शेवटी बर्नर उजेडासमोर धरा: प्रत्येक भोकातून उजेड आरपार दिसला पाहिजे. अ‍ॅल्युमिनियमचे भाग सोड्यात किंवा चिंचेत बुडवू नका, खराब होतात. त्यांना साबणाचं पाणी पुरे.

वाळवण्याची घाई इथेच नडते. भोकांत पाणी राहिलं तर ज्योत फडफडते, मध्येच विझतेही. बर्नर झटकून उन्हात ठेवा, पावसाळ्यात रात्रभर पंख्याखाली. बसवताना तो खाचेत सपाट बसला पाहिजे, नाहीतर ज्योत एकाच बाजूने मोठी येते.

टँकरचं पाणी येणाऱ्या सोसायट्यांत काचेवर पांढरे डाग राहतात. ते लिंबाच्या फोडीने चोळून लगेच कोरडे पुसा.

आता नळी. सांध्यांवर साबणाचं पाणी लावून गॅस सुरू करा, पण शेगडी पेटवू नका. बुडबुडे आले तर लगेच गॅस बंद करून खिडक्या उघडा, विजेचं बटण दाबू नका आणि बाहेर जाऊन फोन करा: सिलेंडर असेल तर १९०६ ला, पाइपचा गॅस असेल तर गॅस कंपनीच्या आपत्कालीन क्रमांकावर. नारिंगी सुरक्षा नळी ५ वर्षांनी बदलावी. तारीख नळीवरच छापलेली असते.

एवढं करूनही ज्योत पिवळीच राहिली, तर जेटमध्ये, म्हणजे बर्नरला गॅस सोडणाऱ्या बारीक तोटीत, सुई घालू नका. भोक जरासं मोठं झालं तरी गॅस जास्त सुटतो. सिलेंडर आणि पाइपच्या गॅसचे जेट वेगळे असतात, म्हणून घर बदलल्यावर जुनी शेगडी जोडलेली असेल तर तेही मेकॅनिककडून तपासून घ्या.