गोव्यात आल्यावर पहिला फॉर्म भरण्याआधी

चंदगडहून फोंड्याला आलो त्याला आता पंचवीस वर्षं होऊन गेली. माझं अक्षर चांगलं, शाळेत त्याला बक्षीसही मिळालेलं. त्याच अक्षरात इथला पहिला फॉर्म भरला आणि पत्त्याखाली पिनकोड लिहिला मराठी आकड्यांत: ४०३४०१. दोन महिने झाले तरी कार्ड येईना, म्हणून कचेरीत चौकशीला गेलो. खिडकीतल्या बाईंनी गठ्ठ्यातून माझा फॉर्म काढला आणि पिनकोडवर बोट ठेवून विचारलं, “बाब, हो आंकडो चार काय आठ?”

इंग्रजी आकड्यांची सवय असलेल्याला आपला ४ आठसारखा दिसतो आणि १ नऊसारखा. माझा पिन ८०३८०९ असा नोंदवला गेला होता. आठने सुरू होणारे पिन बिहार-झारखंडकडचे. पिनकोडची पद्धत १९७२ साली आली ती आपल्याच श्रीराम भिकाजी वेलणकरांच्या डोक्यातून, आणि त्यात पहिल्या आकड्यावरच पत्र कुठल्या दिशेला जायचं ते ठरतं. तेव्हा फॉर्म इंग्रजी असेल तर आकडेही इंग्रजीच काढा. एक म्हणजे नुसती उभी रेघ, सातला मध्ये आडवी रेघ, आणि शून्याचं तोंड पूर्ण बंद.

मराठीत अर्ज करायला इथे आडकाठी नाही. १९८७ च्या राजभाषा कायद्यात कोकणी राजभाषा आहे आणि सरकारी कामासाठी मराठीच्या वापरालाही जागा दिलेली आहे. साधा विनंतीअर्ज मी आजही मराठीतच लिहितो. पण छापील चौकटींचे बरेचसे फॉर्म इंग्रजीत असतात, आणि तिथे नवीन माणूस अडतो तो गावांच्या नावांपाशी. आपण म्हणतो डिचोली, पण स्पेलिंग बी-आय-सी-एच-ओ-एल-आय-एम. पेडणे पी-ई-आर-एन-ई-एम. केपे सुरू होतं क्यूने आणि काणकोण सीने. ही पोर्तुगीज वळणाची स्पेलिंगं आहेत, शेवटचा एम बोलण्यात येतच नाही. कानावर विसंबून लिहू नका. घरमालकाकडून विजेचं बिल किंवा पंचायतीची घरपट्टीची पावती मागून घ्या आणि अक्षर न् अक्षर उतरवा: घर क्रमांक, वाडा, गाव, तालुका, जिल्हा. फोंड्यात राहणाऱ्यांनी जिल्ह्याकडे जास्त लक्ष द्यावं. हा तालुका २०१५ साली उत्तर गोव्यातून दक्षिण गोव्यात गेला, त्यामुळे जुन्या कागदांवर उत्तर गोवा दिसेल.

सगळ्यात जास्त जपायचं ते नाव. आधारवर जे स्पेलिंग आहे तेच सगळीकडे. गावडे लिहिताना शेवटी एक ई की दोन, वडिलांचं नाव पूर्ण की नुसतं आद्याक्षर, लग्नानंतरचं आडनाव की माहेरचं, हे घरी बसून एकदा ठरवा आणि मग बदलू नका. याला कारण आहे. इथे सरकारी नोकरीसाठी पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतो, तो मामलेदार कचेरीतून मिळतो. तेव्हा इतक्या वर्षांचे कागद एकापुढे एक मांडावे लागतात, आणि पहिल्या वर्षीचं नाव शेवटच्या वर्षीच्या नावाशी जुळलं नाही तर प्रतिज्ञापत्रासाठी धावाधाव होते. माझ्या ओळखीतल्या एका मुलीची अर्जाची मुदत अशा एका जादा ई पायी टळली. तिचा चेहरा अजून डोळ्यांसमोर येतो. म्हणून एवढं कळकळीने सांगतोय.

मतदार यादीत नाव गावाकडे असेल तर इथे फॉर्म ६ भरू नका, तो पहिल्यांदा नाव घालणाऱ्यांचा. पत्ता बदलायला फॉर्म ८.

पेन काळं किंवा निळं बॉलपेनच घ्या. जूनपासून इथली हवा अशी दमट होते की घरात ठेवलेला कागदही मऊ पडतो. शाईचं किंवा जेलचं पेन त्यावर फुटतं, आणि छत्रीचा एक थेंब पडला की अख्खी ओळ जाते. फॉर्म प्लास्टिकच्या फोल्डरमध्येच न्यावा. भरायच्या आधी कोऱ्या फॉर्मची एक झेरॉक्स काढून तीवर पेन्सिलीने सगळं लिहून बघा. चौकटीत एकच अक्षर, कॅपिटल, आणि दोन शब्दांमध्ये एक चौकट रिकामी. चूक झाली तर गिरवून दुरुस्त करू नका, नवा फॉर्म घ्या. फोटो डिंकाने चिकटवा, टाचणी नको. सही चौकटीच्या आत, बँकेत करता तशीच.

फॉर्म दिल्यावर पोचपावती मिळते. ती लगेच खिशात घालू नका. मागे रांग कितीही असो, खिडकीपाशीच उभं राहून नाव, गाव आणि पिन एकेक अक्षर वाचा. चूक दिसली तर तिथल्या तिथे सांगा.