टेकऑफ नंतर शिका, आधी टॅक्सी

उलव्याच्या नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ला प्रवासी विमानं उडायला लागली. तेव्हापासून आमच्या सीवूड्सच्या सोसायटीत कोणाचा ना कोणाचा भाचा नवंकोरं सीपीएल (व्यावसायिक पायलटचं लायसन्स) घेऊन दारात उभा असतो. "काकू, जेटचा टेकऑफ कसा करायचा ते सांगा ना." अरे बाबांनो, धावपट्टीवरची दौड मिनिटभराचीसुद्धा नसते. पायलटची परीक्षा गेटपासून धावपट्टीपर्यंत होते. म्हणून मी टॅक्सीबद्दल, म्हणजे विमान जमिनीवर चालवण्याबद्दल, जास्त बोलणार आहे. मी एअरबस ए३२० उडवते, त्यामुळे आकडे त्याचे. तुमच्या कंपनीच्या एसओपीत (ठरलेल्या कार्यपद्धतीत) वेगळं असेल तर तेच खरं.

तयारी पुशबॅकच्या, म्हणजे विमान गेटपासून मागे ढकलण्याच्या, आधीच सुरू होते. विमानतळाचा ग्राउंड चार्ट समोर घ्या, कोणत्या टॅक्सीवेने (धावपट्टीकडे नेणाऱ्या रस्त्याने) जायचं ते बोटाने फिरवून एकमेकांना सांगा, हॉटस्पॉट, म्हणजे चूक होण्याचा धोका असलेल्या जागा, कुठे आहेत ते बघा. मुंबईला ०९/२७ आणि १४/३२ या धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, तिथे हे घोटून घ्यावंच लागतं. उलव्याची धावपट्टी ३७०० मीटरची आहे. लांबी ऐसपैस असली की मन सैलावतं, आणि गडबड नेमकी तेव्हा होते. घरी सरावाला चार्ट भिंतीवर लावा आणि मोठ्याने क्लिअरन्स (कंट्रोलरची परवानगी) वाचत मनातल्या मनात टॅक्सी करा. शेजारी हसतील, हसू दे.

पुशबॅक झाला की ग्राउंड इंजिनिअर लाल फीत असलेली, काढलेली स्टिअरिंगची पिन हातात धरून दाखवतो आणि अंगठा वर करतो. पिन डोळ्यांनी दिसल्याशिवाय पार्किंग ब्रेक सोडायचा नाही. विमान हलकं असेल तर आयडलवरच, म्हणजे इंजिन सगळ्यात कमी जोरावर असतानाच, सरकतं. जड असेल तर थोडा थ्रस्ट (इंजिनाचा जोर) द्या, पण एन-वन (इंजिनाच्या पुढच्या पंख्याचा वेग) ४० टक्क्यांच्या पुढे नको, मागे ट्रॉल्या आणि माणसं आहेत. सरकल्याबरोबर ब्रेक हलकेच दाबून बघा. ब्रेकच्या पर्यायी यंत्रणेचा दाब शून्यावर राहिला पाहिजे.

सरळ पट्ट्यावर ३० नॉट, काटकोनी वळणावर १०. उंचावर बसल्याने वेग कमी भासतो. ३० नॉट म्हणजे ताशी ५५ किलोमीटर, पाम बीच रोडवर मोकळ्या सकाळी गाडी जाते तेवढा. म्हणून अंदाजावर राहू नका, एनडीवरचा (समोरच्या नकाशाच्या पडद्यावरचा) ग्राउंडस्पीड बघा. ब्रेकवर सतत पाय घासू नका. कार्बन ब्रेक किती वेळा दाबले यावर झिजतात, म्हणून वेग ३०ला येऊ द्या, एकदाच १०पर्यंत उतरवा आणि पाय काढा. वळताना लक्षात ठेवा की नाकाचं चाक तुमच्या सीटच्या मागे आहे. वळणाची रेषा पायाखालून मागे गेली तरी लगेच वळू नका, मग टिलर (जमिनीवर नाकाचं चाक वळवायचा दांडा) फिरवा. पावसाळ्यात रंगवलेल्या रेषा गुळगुळीत होतात, तिथे वळण आणखी संथ घ्या.

आता मुख्य गोष्ट. दोन पायलटांपैकी एका वेळी एकाचीच मान खाली, दुसऱ्याची नजर बाहेर. चेकलिस्ट वळणावर किंवा धावपट्टी ओलांडताना वाचायची नाही. संध्याकाळी काय जेवायचं ही चर्चा नंतर. आणि टॅक्सी चालू असताना धावपट्टी बदलली, किंवा पूर्ण लांबीऐवजी मधल्या इंटरसेक्शनवरून टेकऑफ मिळाला, तर थांबून नवा हिशेब करा: व्ही-स्पीड (टेकऑफचे ठरलेले वेग), फ्लॅप (पंखांच्या मागच्या झडपा), फ्लेक्स तापमान (कमी थ्रस्टने टेकऑफसाठीचा आकडा), एफएमजीसीतली (विमानाच्या संगणकातली) धावपट्टी. मागे रांग लागली असेल, लागू दे. आपण कुठे आहोत याची शंका आली तरी ब्रेक लावून विचारा. विचारणाऱ्यावर कंट्रोलर चिडत नाही, न विचारता चुकीच्या वळणावर गेलेल्यावर चिडतो.

होल्डिंग पॉइंटवर, म्हणजे धावपट्टीआधी थांबायच्या जागी, दोन सलग आणि दोन तुटक रेषा असतात. सलग रेषा तुमच्या बाजूला असेल तर परवानगीशिवाय पुढे नाही. लाल स्टॉप बार (जमिनीवरच्या लाल दिव्यांची ओळ) पेटलेला असेल तर क्लिअरन्स मिळाला असला तरी ओलांडायचा नाही, पुन्हा विचारायचं. 'टेकऑफ' हा शब्द रेडिओवर फक्त खऱ्या टेकऑफ क्लिअरन्ससाठी आणि तो रद्द करण्यासाठी वापरतात. २७ मार्च १९७७ला टेनेरिफेच्या धुक्यात दोन जम्बो जेट एकमेकांवर आदळले आणि ५८३ माणसं गेली, त्यानंतर ही शिस्त आली. तरीही २ जानेवारी २०२४ला टोकियोच्या हानेडा विमानतळावर तटरक्षक दलाचं विमान धावपट्टीवर थांबलेलं असताना मागून ए३५० उतरलं. एअरबसमधले ३७९ जण बाहेर पडले, छोट्या विमानातले पाच जण वाचले नाहीत.

लाइनअप करताना, म्हणजे धावपट्टीवर येऊन उभं राहताना, अप्रोचकडे (विमानं उतरायला येतात त्या दिशेला) स्वतः मान वळवून बघा, स्ट्रोब (लुकलुकणारे दिवे) लावा. धावपट्टीवरचा आकडा, होकायंत्र आणि एनडीवरची दिशा जुळते का ते दोघांनी मोठ्याने बोला. २००६मध्ये अमेरिकेत लेक्सिंग्टनला एक जेट चुकीच्या, आखूड धावपट्टीवरून सुटलं, ४९ माणसं गेली.

आता ते मिनिट. थ्रस्ट लिव्हर आधी ५० टक्के एन-वनपर्यंत न्या आणि दोन्ही इंजिनं सारखी होईपर्यंत थांबा. एक आधी उसळलं तर विमान नाक वळवतं. मग फ्लेक्स (कमी केलेला थ्रस्ट) किंवा टोगा (पूर्ण थ्रस्ट). साइडस्टिक (बाजूची उडवायची दांडी) अर्धी पुढे, ८० नॉटनंतर हळूहळू सोडत १००ला मोकळी. धावपट्टीवर पाणी साचलं असेल तर फ्लेक्स विसरा, पूर्ण टोगा.

शंभर नॉटपर्यंत छोट्या बिघाडासाठीही थांबता येतं. पुढे फक्त आग, इंजिन बंद पडणं, विमान उडणारच नाही अशी खात्री, एवढ्यासाठीच. थांबण्याचा निर्णय कॅप्टनचा. तुम्ही उडवत असलात तरी बऱ्याच कंपन्यांत लिव्हरवर हात त्याचाच असतो, त्यात अपमान नाही. व्ही-वनला, म्हणजे ज्या वेगानंतर थांबायचं नसतं तिथे, तो हात निघतो.

'रोटेट' (नाक उचला) ही हाक ऐकल्यावर स्टिक ओढू नका, दाब द्या. सेकंदाला तीन अंश, साधारण १५पर्यंत. ए३२१ लांब आहे, घाई केलीत तर शेपूट घासेल. मग विमान चढतंय हे पाहून एकाने 'पॉझिटिव्ह क्लाइंब' म्हणायचं आणि दुसऱ्याने चाकं आत घ्यायला 'गिअर अप'. आणि इंजिन याच वेळी गेलं तर रडरने (शेपटीच्या उभ्या सुकाणूने) नाक सरळ ठेवा, गिअर घ्या, वॉर्निंगचा आवाज बंद करा. बाकी ४०० फुटांपर्यंत कुठल्याही बटणाला हात लावायचा नाही.