ॲप्रन म्हणजे कवचकुंडलं नव्हेत: एक्स-रे खोलीतल्या या चुका टाळा

आमच्या बडोद्यात उत्तरायणाचे दोन दिवस एक्स-रे विभागात चहा प्यायलाही सवड मिळत नाही. १४ जानेवारीला मुख्य सण, १५ ला वासी उत्तरायण. गच्चीवरून, पत्र्यावरून, पाण्याच्या टाकीवरून पडलेल्यांची मनगटं, कोपरं आणि टाचा रांगेत उभ्या असतात. या कामात मला २६ वर्षं झाली. गर्दीच्या दिवशी माणूस कसा वागतो त्यावरून त्याला खरंच काय शिकवलं गेलंय ते कळतं, आणि दर जानेवारीत मला तेच ते बघावं लागतं.

माझी सगळ्यात जुनी चीड म्हणजे हलणाऱ्या पेशंटला धरायला रोज तोच माणूस उभा करणं.

काही वर्षांपूर्वी मी एका लहान हॉस्पिटलात संध्याकाळची पाळी करायचो. तिथे एक वॉर्डबॉय होते, सगळे त्यांना काका म्हणत. पोर रडलं की हाक ठरलेली, "काका, जरा धरा ना!" काका शिशाचा ॲप्रन चढवायचे आणि धरायचे. त्यांना अंगावर पडलेले किरण मोजणारा बॅज नव्हता, कारण कागदोपत्री ते रेडिएशनचं काम करतच नव्हते. वासी उत्तरायणाच्या त्या संध्याकाळी मी सहज जुन्या इमेज उघडून बघत होतो. एका सात-आठ वर्षांच्या मुलाच्या मनगटाशेजारी मोठ्या माणसाच्या दोन बोटांची हाडं, आणि एका बोटात अंगठी. पुढच्या इमेजमध्ये तीच अंगठी. डॉक्टरांकडे गेलेल्या प्रतीत मात्र अंगठी नव्हती, कारण आमच्या नव्या टेक्निशियननं ती स्क्रीनवर क्रॉप करून टाकली होती. "फिल्म साफ दिसते ना सर," म्हणाला.

फिल्म साफ दिसली, पण काकांच्या बोटांवर पडायचं ते पडून गेलं होतं. ॲप्रन छाती-पोट झाकतो, बोटं झाकत नाही. आणि तो बनवलेला असतो स्कॅटरसाठी, म्हणजे पेशंटच्या अंगावर आपटून चहूकडे उडणाऱ्या किरणांसाठी. ट्यूबमधून सरळ येणाऱ्या झोतात हात घालायचा परवाना तो देत नाही.

त्या दिवशी मी काकांना बाहेर बसवलं आणि म्हटलं, यापुढे नातेवाईक धरतील. पुढच्या मुलीबरोबर तिची मावशी होती. ती लगेच पुढे आली. मी ॲप्रन देता देता विचारलं, "दिवस वगैरे नाहीत ना?" ती गप्प. मग मुलीच्या आईकडे बघून हळूच म्हणाली, तिसरा महिना आहे, अजून घरात कुणाला सांगितलेलं नाही. वडिलांना पार्किंगमधून बोलावून आणलं, दहा मिनिटं गेली, बाहेर रांगेतल्यांनी मला गुजराती आणि मराठी दोन्ही भाषांत ऐकवलं. ऐकून घेतलं.

तेव्हापासून माझा शिरस्ता असा: आधी पोराशी बोलायचं, कोलिमेटरचा, म्हणजे किरणांचा झोत आखून देणाऱ्या झडपांचा, दिवा त्याच्या हातावर पाडून दाखवायचा, वाळूची पिशवी आणि पट्टा वापरायचा, एक्स्पोजरचा वेळ शक्य तितका कमी ठेवायचा. निम्म्या मुलांना मग धरावंच लागत नाही. उरलेल्यांना आई किंवा वडील धरतात. ॲप्रन घालून, बाजूला उभं राहून, हात उजेडाच्या चौकटीबाहेर ठेवून. गरोदर बाई कधीच नाही, आणि कर्मचारी तर नाहीच नाही. आई आयुष्यात एखाद्या वेळी धरेल, वॉर्डबॉय रोज धरतो, फरक तेवढाच आहे आणि तोच महत्त्वाचा आहे.

आता क्रॉपिंगचं. डिजिटल आल्यापासून कोलिमेटर सताड उघडा ठेवायचा आणि नंतर माउसनं कापायचं, ही आळशी पद्धत बोकाळली आहे. स्क्रीनवर कापलेला भाग पेशंटच्या अंगावर पडून गेलेला असतो. वर उघड्या कोलिमेटरनं स्कॅटर वाढतं आणि इमेज धुरकट होते. म्हणजे वेळ वाचवायला निघालात आणि इमेजही घालवलीत.

याचंच भावंड म्हणजे एमएएस, म्हणजे किरणांचं प्रमाण, चढं ठेवणं. जुन्या फिल्मच्या काळात जास्त एक्स्पोजर दिलं की फिल्म काळी व्हायची आणि डार्करूममध्येच चोरी पकडली जायची. डीआरमध्ये, म्हणजे डिजिटल एक्स-रेत, उलटं आहे. कमी दिलं तर दाणे दिसतात, जास्त दिलं तर इमेज उलट सुंदर दिसते. मग हात हळूहळू वर सरकत जातो आणि कुणी टोकत नाही. स्क्रीनच्या कोपऱ्यात एक्स्पोजर इंडेक्सचा, म्हणजे डिटेक्टरवर किती किरण पडले ते सांगणारा, आकडा असतो, तो बघायची सवय लावा. मी शिकाऊ मुलांना तो आकडा वहीत लिहायला लावतो. त्यांना राग येतो. येऊ दे.

बॅजबद्दल मात्र सविस्तर सांगायलाच हवं. टीएलडी बॅज ॲप्रनच्या आत, छातीवर लावायचा. आपल्याकडे तो दर तीन महिन्यांनी वाचायला जातो. एका मुलानं बॅज ॲप्रनच्या बाहेरच्या बाजूला अडकवला. रोज काढा-घाला कोण करणार! तो ॲप्रन घरी जाताना चेस्ट स्टँडशेजारच्या खुंटीवर. दुसऱ्या पाळीतले लोक दिवसाला तीस-चाळीस छातीचे एक्स-रे काढत होते आणि हा बॅज एकटाच खुंटीवरून सगळे बघत होता. तिमाहीचा अहवाल आला, त्यातला चढा आकडा बघून पोराचा चेहरा पांढरा पडला. चौकशीचे कागद, ड्युटी रजिस्टर, पेशंटची संख्या, "बॅज खोलीत राहिला होता का?" हा प्रश्न, आणि घरी आईचं रडणं. शेवटी खुंटीचा उलगडा झाला. पण खरा डोस किती झाला होता ते आता कुणालाच सांगता येणार नव्हतं, त्या तीन महिन्यांची नोंदच वाया गेली. दुसरं टोक म्हणजे "रिपोर्टमध्ये काही येऊ नये" म्हणून बॅज ड्रॉवरमध्ये ठेवणारे. त्यांच्याशी मी बोलत नाही.

एईआरबीची, म्हणजे देशाच्या अणुऊर्जा नियामक मंडळाची, मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (हे किरणांच्या डोसाचं माप) आहे, आणि कोणत्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. नीट काम करणारा साधा एक्स-रेवाला याच्या आसपासही फिरकत नाही. सी-आर्मवाल्यांनी, म्हणजे ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणाऱ्या यंत्रावर काम करणाऱ्यांनी, जपावं. ट्यूब टेबलाखाली ठेवा, डिटेक्टर पेशंटच्या अगदी जवळ आणा, आणि आडवा व्ह्यू घेताना ट्यूबच्या बाजूला उभे राहू नका, कारण स्कॅटर त्याच बाजूला जास्त उसळतं.

पोर्टेबल, म्हणजे वॉर्डात यंत्र नेऊन एक्स-रे, काढताना बटणाची वायर पूर्ण ताणा. एका मीटरवरून दोन मीटरवर गेलात की स्कॅटर साधारण चौथ्या हिश्शावर येतं, फुकटात. वॉर्डमध्ये यंत्राला चिकटून बटण दाबणारा माणूस बघितला की मला त्याची कॉलर धरून मागे ओढावंसं वाटतं.

ॲप्रन घडी करून खुर्चीवर टाकू नका. आतलं शिसं मोडतं आणि बाहेरून कळत नाही. वर्षातून एकदा फ्लुरोस्कोपीखाली, म्हणजे स्क्रीनवर थेट दिसणाऱ्या एक्स-रेखाली, बघा.

एक्स्पोजरच्या वेळी दार बंद. यावर चर्चा नाही.

मासिक पाळीची तारीख प्रत्येक तरुण बाईला विचारा, पण एकांतात. सासूसमोर विचारलं तर खरं उत्तर कसं मिळेल? आणि दिवस गेले आहेत म्हणून गरज असलेला छातीचा एक्स-रे नाकारूही नका. झोत छातीवर असतो, गर्भापर्यंत पोचणारा डोस अगदी नगण्य असतो.

पेशंटच्या जननेंद्रियांवर शिशाचा तुकडा ठेवायची पद्धत आम्ही वर्षानुवर्षं पाळली. २०१९ मध्ये वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या अमेरिकन संघटनेनं ती नेहमीची पद्धत म्हणून बंद करा असं सांगितलं. तुकडा सरकला तर हवा तो भाग झाकला जातो आणि रिपीट करावं लागतं. ऑटो एक्स्पोजर, म्हणजे यंत्रानं स्वतःच डोस ठरवणं, सुरू असेल आणि तुकडा सेन्सरवर आला तर यंत्र डोस आणखी वाढवतं. मला हे पचायला वर्ष लागलं.

सीटीबाबत एकच चूक सांगतो, आणि ती टेक्निशियनची नाही. छोटा उदेपूर किंवा गोध्राकडून पेशंट येतो, तिथे पोटाचं सीटी झालेलं असतं, सीडी गाडीत राहते, आणि इथे पुन्हा सीटी लिहिलं जातं. छातीचा एक एक्स-रे सुमारे ०.०२ मिलिसिव्हर्ट, पोटाचं सीटी सुमारे ८. म्हणजे विसरलेल्या सीडीची किंमत चारशे एक्स-रे. टेबलावर घेण्याआधी मी विचारतोच, "काका, आधीची सीडी कुठेय?" तीनदा विचारलं की बहुतेक वेळा कुणीतरी उठून गाडीकडे जातं.