पदकाच्या कडेवरून सापडलेले पणजोबा

पणजोबा 'सरहद्दीवर लढायला गेले होते', एवढंच घरात माहीत होतं. गाव सातारा जिल्ह्यातलं. कुठली पलटण, कोणती लढाई, काहीच कळत नव्हतं.

वाट दाखवली ती आत्याकडच्या जुन्या पदकानं. पट्टीवर 'वझिरिस्तान १९१९-२१' कोरलेलं होतंच; वझिरिस्तान म्हणजे तेव्हाच्या वायव्य सरहद्दीवरचा, आता पाकिस्तानात असलेला डोंगराळ भाग. पण खरा ऐवज कडेवर होता. भिंगातून बारीक इंग्रजी अक्षरं वाचली: शिपाई नंबर, नाव आणि १०३ मराठा लाइट इन्फंट्री. जुनं पदक मिळालं तर आधी कड वाचा, आणि चकाकीसाठी घासू तर मुळीच नका.

घरातल्या पेन्शनच्या कागदावर मात्र पलटण '१/५' लिहिलेली. म्हणजे माणसं दोन? नाही. १९२२ च्या फेररचनेत १०३ वी पलटण पाचव्या मराठा रेजिमेंटची पहिली बटालियन झाली. पदक आणि कागद एकाच माणसाचे निघाले!

घराण्याचा धागा तलाठ्याकडच्या जुन्या फेरफारात मिळाला. वारस नोंदीत पणजोबांच्या भावांची नावं होती, आणि आम्हाला कधीच न सांगितलेल्या एका बहिणीचंही. तिच्या सासरचा शोध आता सुरू केलाय.